तारेला धरायचं कुठून?

आमच्या डिंडोलीच्या घरात टीव्हीच्या शोकेसमध्ये, सप्तशृंगीच्या फोटोशेजारी, एक काळी वस्तू ठेवलेली आहे. एका बाजूने पेन्सिलीसारखी गुळगुळीत कांडी आणि दुसऱ्या बाजूने पिंजारलेली कुंचली. गावाकडून कुणी पाहुणे आले की हमखास विचारतात, "ही दातवणाची काडी इथे कशाला मांडलीय?" माझी आई काही न बोलता चहा टाकायला उठते. आता माझी अर्ध्या तासाची गाडी सुटणार, हे तिला अनुभवाने माहीत आहे.

ती काडी कार्बन फायबरची आहे. जाडी ८ मिलिमीटर. सरळ ओढून तोडायची म्हटलं, तर तिला साधारण साडेअकरा टन ताण लागतो. कारखान्याच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. माझ्या हाताखाली मात्र ती पाच टनांच्या आतच तुटली. दोष काडीचा नव्हता, धरण्याचा होता. मंडळाच्या अंकासाठी "तुझ्या कामाबद्दल काहीतरी लिही, आपली मुलं इंजिनिअरिंगला जातात, त्यांना वाचू दे" असा आग्रह झाला, तेव्हा मला पहिल्यांदा ही काडीच आठवली.

सुरुवात मात्र बैलगाडीपासून करावी लागेल. खान्देशातल्या गावी ज्यांनी सुट्ट्या काढल्या आहेत, त्यांनी लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिली असेल. निदान आजोबांकडून ऐकलं तरी असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे आरे, सगळे पाटे आतल्या बाजूला दाबून धरते. पुढे चाक दगडावर आदळलं तरी सांधे उघडत नाहीत, कारण ते आधीच दाबलेले असतात.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणजे नेमकं हेच. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण सोसायला अगदी दुबळं. तुळईवर वजन आलं की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथे तडा पडतो. मग आधीच एक काम करून ठेवायचं: तुळईच्या पोटातून पोलादी केबल घालून ती जॅकने ओढायची आणि ओढलेली असतानाच दोन्ही टोकांना पक्की अडकवायची. केबल आकसू पाहते, तिला आकसू देत नाहीत, म्हणून ती काँक्रीटला दाबत राहते. फ्रेंच इंजिनिअर युजीन फ्रेसिने यांनी १९२८ साली याचं पेटंट घेतलं. ही कल्पना त्यांच्याआधीही काही जणांना सुचली होती. पण त्यांनी साधं लोखंड वापरलं होतं आणि त्यातला ताण काही महिन्यांत विरून जायचा. काँक्रीट स्वतः हळूहळू आखडतं हे फ्रेसिने यांनी ओळखलं. ते आखडल्यावरही ताण शिल्लक राहावा यासाठी फार ताकदीची तार फार जास्त ओढावी लागते, हेही त्यांच्या लक्षात आलं.

याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. आमच्या डिंडोलीला खेटून उधना–जळगाव लाईन जाते. आपल्यापैकी निम्म्या घरांचे लोक याच लाईनने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून सुरतला आले. त्या रुळांखालचे काँक्रीटचे स्लीपर नीट बघा. प्रत्येकाच्या पोटात तीन-तीन तारांच्या पिळाच्या १८ बारीक दोऱ्या ताणून बसवलेल्या असतात. स्लीपरच्या कडेला त्यांची कापलेली टोकं ठिपक्यांसारखी दिसतात. (बघायचं ते फाटकाबाहेरून. लाईनवर उतरून नाही.)

स्लीपरमध्ये तारा काँक्रीटला पूर्ण लांबीभर चिकटलेल्या असतात, त्यामुळे टोकाला वेगळं काही लागत नाही. पुलाच्या मोठ्या केबलला मात्र लागतं. तिथे येते पाचर. आपल्याकडे पाचर मारणे हा वाक्प्रचार दुसऱ्याच अर्थाने बदनाम झाला आहे. पण पुलाचा सगळा जीव खरोखर पाचरेवर असतो. सात तारांची १५.२ मिलिमीटर जाडीची एक दोरी असते, तिला साईटवर स्ट्रँड म्हणतात. ती तुटायला २६ टनांहून अधिक ताण लागतो आणि कामावर आपण तिला सुमारे २० टन ओढतो. ओढून झाली की तिच्याभोवती दोन-तीन फाकांची निमुळती पोलादी पाचर बसवतात. पाचरेच्या आतल्या अंगाला करवतीसारखे दाते असतात. जॅक सोडला की स्ट्रँड मागे सरकू पाहते, पाचरेला सोबत ओढते, पाचर निमुळत्या भोकात अधिकाधिक घट्ट बसते आणि दाते पोलादात रुततात. पाच-सहा मिलिमीटर सरकून सगळं थांबतं. जितकं ओढाल तितकी पकड वाढते. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची युक्ती इंजिनिअरिंगमध्ये मला दुसरी दिसलेली नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे गंजाची.

मुंबईहून वाशीला जाणारा ठाणे खाडीचा पहिला पूल १९७३ साली वाहतुकीला खुला झाला. खारी हवा, खारं पाणी. फार लवकर त्याच्या तुळयांमध्ये त्रास दिसू लागला. आतल्या केबल गंजत होत्या. पुढे बाहेरून नव्या केबल ओढून त्या तुळयांना आधार द्यावा लागला आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला. गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल १९७०च्या सुमाराचा. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. पणजीत शिरायला लोकांना पुन्हा फेरीबोट धरावी लागली. तिथेही संशयाचं बोट गंजलेल्या केबलकडेच गेलं. त्याच्या आदल्या डिसेंबरात ब्रिटनमधल्या वेल्सचा इनिस-ई-ग्वास हा छोटा पूल कुणीही वरून जात नसताना आपोआप पडला. कारण तेच. सांध्यांतून पाणी आणि मीठ आत गेलं होतं. १९९२ साली ब्रिटनने अशा जातीचे नवे पूल बांधणंच काही वर्षं थांबवलं.

आपल्या गुजरातच्या वाचकाला इथे मोरबी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० ऑक्टोबर २०२२. तो झुलता पूल होता, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा नव्हता, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पण चौकशीत जे समोर आलं ते माझ्या विषयाचंच होतं. मुख्य केबल सात लडींची, प्रत्येक लडीत सात तारा, म्हणजे एकूण ४९. त्यातल्या २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या दुर्घटनेच्या आधीच तुटल्या असाव्यात, असं तपास पथकाने म्हटलं. १३५ माणसं गेली.

पुलाच्या पोटातली केबल तर दिसतही नाही. तिच्या गंजाविरुद्ध मुख्य औषध एकच, ते म्हणजे ग्राउट. केबल ज्या नळीतून जाते ती नळी सिमेंटच्या पातळ खिरीने एका टोकाकडून दाबाने भरायची आणि दुसऱ्या टोकाच्या भोकातून दाट खीर बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. काम कंटाळवाणं आहे, कुणाला दिसत नाही आणि शेवटी करायचं असतं. तिथेच घोळ होतो.

एक गोष्ट मी आजवर घरी सांगितली नव्हती, ती इथे लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका उड्डाणपुलाच्या कामावर होते. कोणता, कुणाचा, ते सोडून देऊ. १९ स्ट्रँडची ४० मीटर लांबीची केबल, ९० मिलिमीटरची नळी. नळीत उरलेली रिकामी जागा काढली तर दीडशे लिटरच्या आसपास येते, म्हणजे प्रत्येक केबलला जवळपास चार गोण्या सिमेंट लागायला हवं. त्या दिवशी मी पोचले तेव्हा एका केबलचं ग्राउट होऊन गेलं होतं आणि पंपाजवळ तीनच रिकाम्या गोण्या होत्या. दुसऱ्या टोकाचं भोक कोरडं होतं. मी विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, चौथी गोणी वाऱ्याने उडाली असेल. सही करा, पंप दुसरीकडे न्यायचाय." माझ्या डोक्यात हिशोब चालू होता: तीन गोण्या म्हणजे नळीचा पाचवा हिस्सा रिकामा. आणि तरी मी सही केली. तेवीस वर्षांची होते, साईटवर एकटी मुलगी होते, ही सगळी कारणं खरी आहेत. त्यानंतरच्या केबलवर मी उभी राहून दाट खीर येईपर्यंत हलले नाही. पण ती एक सही रजिस्टरमध्ये आहे. पुढे मी तो हिशोब मांडून वरच्या साहेबांना लेखी दिला. भोक पुन्हा उघडून उरलेली नळी भरली, असं मला सांगण्यात आलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर गंजतच नाही अशी केबल हवी, हा विचार माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

अशी केबल आहे. तिला एफआरपी म्हणतात. म्हणजे काचेचे, अरामिडचे किंवा कार्बनचे हजारो बारीक तंतू एका दिशेने ओढून, रेझिनमध्ये भिजवून, तापलेल्या साच्यातून खेचून काढलेली कांडी. सुरतच्या वाचकाला यात परकं काही वाटू नये. कार्बनचे तंतू बहुतेक वेळा ज्या धाग्यापासून बनतात तो आपल्या ॲक्रिलिक शालीच्या धाग्याचाच भाऊबंद. तो आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बनचा सात मायक्रॉनचा तंतू. पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढं वजन, ताकद स्ट्रँडच्या बरोबरीची किंवा जास्त, आणि गंज नावालाही नाही. अरामिड म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटातला धागा. काच सर्वांत स्वस्त, पण सिमेंटचा क्षार तिला खातो आणि सतत मोठ्या ताणाखाली ठेवली तर ती काही काळाने अचानक तुटते. म्हणून कायम ओढून ठेवायच्या कामाला आज प्रामुख्याने कार्बनच घेतात.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला १९८६ साली उलेनबर्गस्ट्रासचा रस्त्यावरचा पूल काचतंतूंच्या ५९ केबल ओढून बांधला. प्रत्येक केबलमध्ये साडेसात मिलिमीटरच्या १९ कांड्या होत्या. जपानच्या इशिकावा प्रांतात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या एका पुलाच्या जागी १९८८ साली शिनमिया नावाचा छोटा पूल कार्बनच्या दोऱ्या घालून उभा केला. अमेरिकेत मिशिगनच्या साउथफील्ड गावात २००१ साली ब्रिज स्ट्रीटचा पूल कार्बन केबलवर खुला झाला. तिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पोलाद लवकर मरतं.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? किंमत हे एक कारण आहे. दुसरं कारण माझ्या शोकेसमध्ये आहे.

नोकरी सोडून मी पुढच्या शिक्षणाला लागले आणि हाच विषय घेतला. पहिल्या दिवशी आम्ही कार्बनची कांडी घेतली, पोलादी स्ट्रँडची नेहमीची पाचर लावली आणि मशीन चालू केलं. एक टन, दोन, तीन. चौथ्या टनाच्या पुढे कटकट आवाज सुरू झाला, खाटेची सुंभाची दोरी एकेक पदर तुटत जावी तसा. मग एक धाडकन आवाज आणि जाळीमागे काळ्या धुळीचा ढग. कांडी मध्ये तुटली नव्हती. पाचरेच्या तोंडाशी, जिथे ती पाचरेतून बाहेर पडते तिथे, तिची कुंचली झाली होती.

कारण समजायला बांबू आठवा. बांबूच्या कांबीला दोन्ही टोकांनी ओढा, तुटता तुटत नाही. तीच कांब पकडीत धरून दाबा, लगेच उभी चिरते. सगळी ताकद तंतूंच्या दिशेने असते. आडव्या दिशेला तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं असतं ते फक्त रेझिन, आणि त्याचा जोर लांबीच्या ताकदीपुढे काहीच नाही. पोलाद सगळ्या दिशांनी सारखं असतं. दाते रुतले तर ते थोडं दबतं, थोडं वाहतं, आणि ताण आजूबाजूला वाटून घेतं. कार्बन दबत नाही आणि वाहतही नाही. दात रुतला तिथले तंतू कापले जातात, त्यांचा भार शेजारच्यांवर येतो, ते तुटतात, मग त्यांच्या शेजारचे. आणि पाचर सर्वांत घट्ट आवळते कुठे? नेमकी तोंडाशी, जिथे कांडीत ताणही सर्वांत जास्त असतो. म्हणजे दुबळी जागा आणि जास्त मार, दोन्ही एकाच ठिकाणी.

तो तुकडा मी घरी आणला. आप्पा तेव्हा उधन्याच्या लूम्सच्या खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिलेला माणूस. त्यांनी कुंचली बोटांत फिरवली, वास घेतला (का, ते मला अजून कळलेलं नाही) आणि म्हणाले, "चिमटामा धरशी तं तार तुटी जाई, बेटा." मग मराठीत समजावून सांगितलं, कारण माझी अहिराणी कच्ची आहे याची त्यांना कायम खंत होती. लूमवर हजारो तारा ताणलेल्या असतात, पण एकीलाही चिमट्यात धरलेलं नसतं. मागच्या बाजूला त्या बीमवर गुंडाळलेल्या असतात. पुढे तयार कापड ज्या रोलरवरून ओढलं जातं त्याला खरखरीत पट्टी लावलेली असते, पॉलिशपेपरसारखी. तिथेही दाब कुठेच जास्त नसतो. खरखर लांबवर पसरलेली असते, म्हणून कापड सरकत नाही आणि फाटतही नाही.

मी त्यांना म्हटलं, ही कांडी गुंडाळता येत नाही, वाकवली की तुटते. ८ मिलिमीटरची कांडी फूटभर त्रिज्येच्या आत नेली तर बाहेरच्या अंगाचे तंतू वाकण्यानेच तुटायला लागतात. ते म्हणाले, "मग खरखर तरी लांब पसरव."

गंमत म्हणजे जगभरातल्या प्रयोगशाळांत गेली चाळीस वर्षं जे चाललंय ते त्या एका वाक्यात बसतं. पकडीचा जोर थोडक्या जागेत न लावता लांबवर पसरवायचा, आणि तोंडाशी हात हलका ठेवायचा.

पहिला मार्ग नळीचा. कांडीचं टोक पोलादी नळीत घालायचं आणि मधली पोकळी इपॉक्सीने किंवा सिमेंटच्या मसाल्याने भरायची. ड्युसेलडॉर्फच्या पुलावर याच जातीची सोय होती. आम्हीही केली. गुळगुळीत कांडी सुळकन बाहेर आली, साबण लावल्यासारखी. मग वाळू चिकटवलेल्या पृष्ठभागाची कांडी घेतली आणि नळी वाढवत वाढवत दीड फुटावर नेली, तेव्हा कुठे कांडी मध्ये तुटली. प्रयोगशाळेत कांडी मध्ये तुटणं म्हणजे पास. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना लोचो खाऊ घातला. या मार्गाची दुसरी बाजूही आहे. इपॉक्सी उन्हात मऊ पडू लागतं आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतं. मे महिन्यात सुरतच्या उन्हात लोखंडाला हात लावून बघा, मग कळेल मला कशाची काळजी वाटते.

जपान्यांनी नळीत वेगळाच मसाला भरला. पाणी घातलं की फुगणारं सिमेंट. खाणीत सुरुंग न लावता दगड फोडायला भोकात ओतायची जी पावडर मिळते, तिच्याच गोत्रातलं. नळी पोलादी असल्यामुळे ते बाहेर फुगू शकत नाही, म्हणून आतल्या दोरीला चहूबाजूंनी सारखं आवळतं. दाते नाहीत, तीक्ष्ण कडा नाहीत. दगड फोडणारी ताकद नाजूक धाग्याला जपायला वापरली, हे मला फार आवडतं.

दुसरा मार्ग पाचर सोडायची नाही, सुधारायची. कॅनडातल्या संशोधकांनी दोन बदल केले. कांडी आणि पाचर यांच्यामध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची मऊ बाही घातली. दात तिच्यात रुततात, तंतूंत नाही. आणि पाचरेचा उतार भोकाच्या उतारापेक्षा किंचित वेगळा ठेवला. किंचित म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाएवढा. त्यामुळे पाचर आधी मागच्या टोकाला आवळते आणि तोंडाशी सैल राहते. कांडीतला ताण जिथे संपत आलेला असतो तिथे जास्त जोर. लेथवर तेवढा सूक्ष्म उतार कापून घेण्यासाठी मी उधन्याच्या एका वर्कशॉपमध्ये चार दिवस बसले होते. कारागीर भाईंना वाटलं बाई हट्टी आहे. पाचव्या प्रयत्नात पाचर बसली आणि दहा टनांच्या वर गेली. तेही बघायला आले होते.

ॲल्युमिनियमच्या बाहीची एक खोड नंतर कळली. कार्बन विजेचा वाहक आहे. ओलसर जागी तो ॲल्युमिनियमला किंवा लोखंडाला टेकला की बॅटरीसारखा प्रवाह चालू होतो आणि धातू झपाट्याने खराब होतो. म्हणजे गंज टाळायला कार्बन आणला आणि गंज पकडीच्या जागी जाऊन बसला! यावर काहींनी धातूच नको म्हणून अतिशय उच्च ताकदीच्या काँक्रीटचाच अँकर बनवून पाहिला, बाहेरून कार्बनची पट्टी गुंडाळून.

तिसरा मार्ग स्वित्झर्लंडचा, आणि माझ्या मते सर्वांत देखणा. तिथल्या एम्पा या राष्ट्रीय प्रयोगशाळेत उर्स मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकूच्या आकाराची पोकळी सिरॅमिकच्या बारीक गोळ्या आणि रेझिन यांनी भरली. पण भरण सगळीकडे सारखं ठेवलं नाही. तोंडाशी मऊ, आत जावं तसं कडक. गोळ्यांवरचा रेझिनचा थर कमी-जास्त करून ते साधलं. १९९६ साली विंटरथुर शहरातल्या श्टोर्खनब्रुक या पुलाच्या २४ तिरप्या केबलपैकी दोन त्यांनी कार्बनच्या बसवल्या. प्रत्येकीत पाच मिलिमीटरच्या २४१ तारा. बाकी २२ पोलादाच्या, म्हणजे शेजारीशेजारी तुलना करायची सोय.

आपल्या अडाजण–अठवालाइन्सच्या २०१८ साली खुल्या झालेल्या केबल-स्टेड पुलावरून जाताना मला विंटरथुरच्या त्या दोन केबल आठवतात. तापी तिथे भरती-ओहोटीच्या आवाक्यात आहे.

आप्पांचं गुंडाळण्याचं म्हणणं मी तेव्हा उडवून लावलं होतं. जर्मनीत श्टुटगार्टजवळ महामार्गावरून जाणारा ट्रामचा कमानी पूल २०२० साली उभा राहिला. त्याच्या कमानीला खालचा मार्ग टांगून धरणारे ७२ दोर कार्बनचे आहेत. त्यांची रचना वाचताना मी दोनदा मागे जाऊन तपासलं. जाड कांडी घेतलीच नाही. कार्बनचा सपाट, पातळ फीत दोन टोकांच्या गोल तुकड्यांभोवती फेऱ्यावर फेरे देऊन गुंडाळला आहे, लोकरीच्या लडीसारखा. पातळ असल्यामुळे वाकतो आणि तुटत नाही. टोकाला पाचर नाही, चिमटा नाही, फक्त वळसा. ती बातमी त्यांना वाचून दाखवायला आप्पा नव्हते.

इथे थांबले तर तुम्हाला वाटेल की पोलाद संपलं. तसं नाही. कार्बन तुटण्याआधी लांबत नाही, इशारा देत नाही, शेवटपर्यंत सरळ आणि मग एकदम. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत कार्बनला त्याच्या ताकदीच्या ६५ टक्क्यांपर्यंतच ओढायची मुभा आहे आणि अरामिडला ५० टक्के. आगीत रेझिन आधी जातं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली काचतंतूच्या सळयांसाठी मानक काढलं, पण त्या न ताणता नुसत्या काँक्रीटमध्ये घालायच्या सळया आहेत. ताणलेल्या केबल आणि त्यांचे अँकर यांचा इथला रोजचा अनुभव अजून व्हायचा आहे. माल मात्र दाराशी येऊ घातलाय. हजिऱ्याला कार्बन फायबरचा मोठा कारखाना उभारण्याची घोषणा रिलायन्सने २०२२ साली केली. सुरतमध्ये धागा ओळखणारी हजारो घरं आहेत आणि लेथवर अंशाचा दहावा भाग कापणारे हातही आहेत. दोघे एका टेबलावर सहसा बसत नाहीत, एवढंच.

मागच्या महिन्यात डिंडोलीचीच, आमच्या गल्लीतली, दुसऱ्या वर्षाला सिव्हिल शिकणारी एक मुलगी ही काडी बघायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, त्या पहिल्या पुलाची नळी खरंच भरली होती का?" मी सांगितलं, मी पाहिलं नाही. ती गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. हिशोबाचं पान सापडलं. केबलचा नंबर, तारीख, गोण्या, सगळं आहे. नळीत पोकळी राहिली आहे का, हे पूल न फोडता तपासायची साधनं आता आहेत. छोट्या हातोडीने ठोकून परत येणारा आवाज मशीनवर बघतात. त्या खात्याला मी गेल्या सोमवारी पत्र दिलं, पानाची झेरॉक्स जोडून आणि खाली माझं नाव लिहून. पोच मिळाली आहे.